सरळ जाणारी खुर्ची

आण्णांचा उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं एकाच सकाळी गेलं. जीव वाचला हेच नशीब समजा, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही समजलो. पण चाकाच्या खुर्चीत बसवून आईनं त्यांना पहिल्यांदा अंगणात ढकलत आणलं, तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना. हा माणूस सैन्यात ड्रायव्हर होता. बर्फातल्या घाटांमधून ट्रक काढलेला. निवृत्त झाल्यावर एसटीत बसले तरी प्रत्येक वळणावर यांचा पाय नसलेला ब्रेक दाबायचा आणि शेजारचा प्रवासी यांच्याकडे वळून वळून बघायचा. जावयाच्या गाडीतसुद्धा ते मागच्या सीटवर कधी बसले नाहीत. आता मात्र रोज दुसरंच कुणीतरी त्यांना चालवत होतं.

त्यांना ते अजिबात मान्य नव्हतं. आई ढकलायला लागली की ते डाव्या हातानं चाक गच्च धरून ठेवायचे. मी ढकलायला गेले तर मनगटावर चापट बसायची. घशातून नुसता आवाज यायचा, शब्द नाही, पण त्या चापटीचा अर्थ कळायला शब्द लागत नव्हते. पाठीमागं कुणाचा हात नको, माझा मी जाईन, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी इस्लामपूरला एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. मुलांकडून चाकांचे रोबो करून घेणं हा माझा विषय. सुट्टीच्या दिवशी गावी जायचं, आईला भाजी निवडून द्यायची, आण्णांची चापट खायची आणि परत यायचं, असं चार वर्षं चाललं होतं. आमचं गाव म्हसवडपासून जरा आत. फक्त संध्याकाळी आण्णा चाक सोडायचे, तेव्हा आई त्यांना मारुतीच्या देवळापर्यंत फिरवून आणायची. तिथं पोचलं की आण्णा डावा हात उचलून समोर धरायचे. मग आई त्यांचा लुळा उजवा हात उचलून डाव्याला जोडायची आणि नमस्कार पुरा करून द्यायची. आण्णांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात देवापुढं उदबत्ती लावली नव्हती, त्याची ही भक्ती बघून सगळं गाव थक्क. "दुखन्यानं मानूस देवाला लागला," असं पारावरची म्हातारी माणसं म्हणायची. मीही म्हणायचे.

विजेची खुर्ची आम्ही आणली नव्हती असं नाही. सांगलीच्या दुकानातून हौसेनं आणली होती. डाव्या हाताशी एक दांडी, ती पुढं रेटली की खुर्ची पुढं. आण्णा पहिल्या दिवशी असे ऐटीत बसले, जणू ट्रकच मिळाला. अन् कोपऱ्यावर पोचायच्या आत खुर्ची गटारात. त्यांचं अंग उजवीकडं कलतं, त्यामुळं उजव्या चाकावर भार जास्त. ते चाक मागं पडतं आणि खुर्ची उजवीकडं ओढत जाते. त्यात गावातला रस्ता मधे फुगलेला, कडेला उतरता. आण्णा सारखी दांडी सावरायचे, सावरून सावरून हात थरथरायला लागायचा, आणि मग गटार. आईनं ती खुर्ची पडवीत नेली, तिच्यावर बाजरीचं पोतं ठेवलं आणि विषय संपवला.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो वर्गात. मुलांचा रोबो सरळ जाता जाईना. एक जण म्हणाला, "मॅडम, फरशीच वाकडी आहे." मी फटकन म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं!" सगळा वर्ग हसला. आणि हसता हसता मीच थबकले. अंगण खरोखरच वाकडं असतं की! दोन मोटरी एकाच खोक्यातून काढल्या तरी सारख्या नसतात, चाकं सारखी नसतात, जमीन तर कधीच नसते. म्हणून तर आपण रोबोत जायरोस्कोप बसवतो. नखाएवढा सेन्सर. आपण किती वेगानं आणि कुठल्या बाजूला वळतोय, एवढी एकच गोष्ट त्याला कळते. तो कंट्रोलरला सांगतो, उजवीकडं वळायला लागलोय, आणि कंट्रोलर लगेच उजव्या चाकाला थोडा जास्त जोर देतो. डोळ्याला दिसायच्या आत चूक सुधारलेली असते. हे मी कितीतरी वर्षं फळ्यावर लिहीत होते, आणि तिकडं माझा बाप गटाराच्या भीतीनं दुसऱ्याच्या हातानं फिरत होता! मी खडू धरून तशीच उभी राहिले. मुलांना वाटलं, मॅडमना चक्कर आली.

पुढच्या सुट्टीला मी बाजरीचं पोतं खाली उतरवलं. आई चिडली. "माज्या हातानं चाललंय ते बरं चाललंय. कशाला नसती उठाठेव?" मला वाटलं, यंत्राला घाबरते. "तुझे हात दुखत नाहीत का?" असं विचारलं तर म्हणाली, "माजं हात माजं मी बघीन." मी ऐकणाऱ्यातली नाही. ते मी तिच्याकडूनच घेतलंय.

खुर्ची कॉलेजच्या लॅबमध्ये नेऊन मी तिच्यात जायरोस्कोप बसवला. तिच्या उजव्या बाजूला वाळूची पोती बांधून मी तिला आण्णांसारखी कलती केली. पहिल्या प्रयत्नात सुधारणा जरा जास्तच झाली. उजवीकडं गेली की कंट्रोलर इतक्या जोरात डावीकडं आणायचा, की मग डावीकडून परत उजवीकडं. खुर्ची नागासारखी वळवळत व्हरांड्यातून निघाली आणि शिपाईमामा चहाचा ट्रे घेऊन भिंतीला चिकटले. जोर कमी केला तर गटाराची सवय परत. कमी-जास्त करता करता एकदा बरोबर बसलं. मग पोती काढून मी स्वतः बसले, अंग उजवीकडं टाकलं, डोळे मिटले आणि दांडी पुढं रेटली. डोळे उघडले तेव्हा मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होते, भिंतीपासून निघताना होते तेवढ्याच अंतरावर. आपणच केलेली वस्तू आपल्याला अशी घाबरवून सोडते, हे मला माहीत नव्हतं.

टेम्पोत खुर्ची चढवून मी विट्यावरून, मायणीवरून गावाकडं निघाले. मायणीच्या पुढं ऊस संपतो आणि माळ लागतो, तिथं मला एकाएकी भीती वाटली. व्हरांडा वेगळा आणि आण्णा वेगळे. ही खुर्ची परत गटारात गेली, तर ते पुन्हा कधी दांडीला हात लावणार नाहीत. आणि आई पुन्हा कधी लावू देणार नाही.

घरी पोचले तर पूजेची तयारी. आमच्याकडं नवीन वाहन आलं की हळदीकुंकू, नारळ आणि चाकाखाली लिंबू याशिवाय ते जागचं हलत नाही. आईचा राग कायम होता, पण रीत ती रीत. शेजारचे चार बाप्येही जमले होते. आण्णांना इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसवलं. आई ओवाळायचं ताट घेऊन आली आणि थांबली. "बंद यंत्राला कोन ववाळतं? जागं कर त्याला." मी हसून किल्ली लावली आणि खटका दाबला. हिरवा दिवा लागला. सगळे "व्वा" म्हणाले.

आता या जायरोस्कोपाची एक खोड आहे. खटका दाबल्यावर पहिले काही क्षण तो अगदी मुकाट पडून राहिला पाहिजे. स्थिर असणं म्हणजे काय, हे तो त्या वेळात मनाशी ठरवतो. त्या वेळी त्याला जे जाणवेल ते त्याचं शून्य. हे मला माहीत होतं. पण लॅबमध्ये खुर्चीला कुणी ओवाळत नाही. इकडं मी नारळ शोधायला वळले आणि तिकडं शेजारचे भाऊ ओरडले, "आरं, तोंड दक्षिनंला हाय! उचला रं, उगवतीला करा!" चौघांनी आण्णांसकट खुर्ची उचलली, गरकन डावीकडं फिरवली आणि लिंबांवर अलगद ठेवली. माझ्या हे ध्यानातच आलं नाही. नारळ फुटला. आईनं ओवाळलं. आण्णांनी दांडी पुढं केली.

लिंबं फुटली आणि खुर्ची पुढं जायच्या ऐवजी जागच्या जागी गरागरा फिरायला लागली. ज्या बाजूला चौघांनी फिरवली होती त्याच बाजूला. तसं फिरणं म्हणजेच स्थिर असणं, असं तिनं शिकून ठेवलं होतं, आणि आता ती अगदी इमानानं स्थिर राहत होती! आण्णांचा लुळा हात बाहेर फेकला गेला, ताट उडालं, कुंकू अंगणभर, बायका किंचाळल्या. मागचं लाल बटण दाबायला मी धावले, पण मागची बाजू एका जागी राहील तर ना! दोन वेळा हुकलं, तिसऱ्यांदा हाताला लागलं. खुर्ची पाण्याच्या हौदाला टेकून थांबली. मी तिची किल्ली काढून घेतली.

आण्णांच्या शर्टावर, केसांत कुंकू. मी "लागलं का? लागलं का?" एवढंच म्हणत होते. आईनं माझ्या हातातून ती किल्ली हिसकावून घेतली. "बास. मारशील बापाला. मी ढकलीन, हात मोडल्यालं न्हाईत माजं." शेजारचे भाऊ हळूच म्हणाले, "आवं वैनी, पोरीचा काय दोष..." तर त्यांनाही बोलणी बसली.

मी आण्णांकडं बघायचंच टाळत होते. बघितलं, तर ते हसत होते. लकव्यानं वाकडं झालेलं तोंड, अर्ध्या बाजूनंच, पण हसत होते. चार वर्षांत पहिल्यांदा! मला रडूच कोसळलं. त्यांनी डावा हात आईपुढं धरला. किल्ली मागत होते. आई हलेना. हात तसाच. ट्रकवाल्याचा हात तो, पुढं आला की किल्ली घेतल्याशिवाय मागं जायचा नाही. शेवटी आईनं किल्ली त्यांच्या तळव्यावर आपटली आणि तोंड फिरवलं.

या वेळी मी सगळ्यांना दोन पावलं मागं उभं केलं. खुर्चीला कुणी हात लावायचा नाही, श्वाससुद्धा जपून घ्या, असं दरडावलं. आण्णांनी किल्ली लावली, मी खटका दाबला आणि दिवा लागल्यावरही काही क्षण त्यांना थांबायला लावलं. आण्णांनी दांडी पुढं केली. आणि खुर्ची सरळ निघाली.

अंगणातून फाटकाबाहेर, फाटकातून रस्त्यावर. फुगीर रस्त्याच्या उतरत्या कडेवरून, गटाराच्या शेजारून, सुतात धरल्यासारखी सरळ. आण्णांचा हात दांडीवर नुसता टेकला होता, थरथर नाही, सावरणं नाही. दुकानदार बाहेर आले. आई मागून चालत होती, आणि तिचे दोन्ही हात खुर्चीची मूठ धरल्यासारखे पुढं आलेले होते. तिला ते कळतही नव्हतं. मला इतका आनंद झाला होता की मी रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही थांबवून जायरोस्कोप समजावून सांगितला असता.

मारुतीचं देऊळ आलं. आण्णा थांबले. रोजच्यासारखा डावा हात उचलून समोर धरला. आई सवयीनं पुढं झाली, उजवा हात उचलून डाव्याला जोडायला. आण्णांनी तिचा हात बाजूला सारला, डावा हात परत दांडीवर ठेवला आणि खुर्ची देवळाला वळसा घालून पुढं काढली.

मी जागच्या जागी थिजले. तो हात मारुतीकडं कधी नव्हताच. देवळाच्या शेजारून ओढ्याकडं जो रस्ता जातो, त्या रस्त्याकडं होता. चार वर्षं हा माणूस रोज रस्ता दाखवत होता, आणि रोज आम्ही त्याचे हात जोडून त्याला माघारी नेत होतो. ते रडत होते ते भक्तीनं नव्हे. एवढं शिकून, दिशा मोजायची यंत्रं करून, माझ्या बापाचा हात कुठं दाखवतोय हे मी एकदाही वळून बघितलं नव्हतं.

त्या रस्त्याला एकच घर आहे. काकांची वस्ती. काका म्हणजे आण्णांचे धाकटे सख्खे भाऊ. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं भांडण झालं, ते मी कॉलेजात शिकत असताना. आमच्या माण तालुक्यात पाण्यावरून भांडणं होतात आणि मिटतातही. पण त्या दिवशी काका भर चावडीत म्हणाले होते, "ह्या बाईनंच घर फोडलं." ती बाई म्हणजे आई. त्या दिवसापासून त्या उंबऱ्याला पाय लावणार नाही, असं आईनं म्हटलं आणि आण्णांनी ते पाळलं. पाय होते तोवर पाळलं. दवाखान्यात काका एकदाही आले नाहीत, हे मी त्यांना कधी माफ केलं नव्हतं.

ओढ्याच्या अलीकडं वळणावर आई थांबली. मी मागं बघितलं. तिनं मानेनंच सांगितलं, तू जा. मी धावत आण्णांना गाठलं.

वस्तीच्या अंगणात शेळ्या बांधलेल्या होत्या. काका दारातच उभे होते. केस पार पांढरे झालेले. त्यांनी खुर्चीकडं बघितलं, खुर्चीच्या मागं बघितलं, मागं ढकलणारं कुणी नाही हे बघितलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. आण्णा थांबले नाहीत. मी ओरडणार होते, "पुढं पायऱ्या असतील!" पण पायऱ्या नव्हत्या. खुर्ची सिमेंटच्या उतारावरून तशीच वर चढली आणि दारातून आत गेली. आतून काकांचा आवाज आला, "लय उशीर लावलास, दादा." आणि मग दोन म्हाताऱ्यांच्या रडण्याचा आवाज, एक शब्दांचा आणि एक बिनशब्दांचा.

मी त्या उताराकडं बघत राहिले. लांब, हळू चढणारा, चाक घसरू नये म्हणून दोन्ही कडांना बोटभर उंच काठ केलेले. सिमेंट जुनं झालं होतं, भेगांत गवत उगवलं होतं, शेळ्यांनी कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. या घरात कुणी खुर्चीवर नाही. मोटरसायकल तर बाहेरच उभी होती. काकू पदरानं डोळे पुसत बाहेर आल्या, त्यांना मी विचारलं, "हा कधी बांधला?" त्या म्हणाल्या, "दादास्नी दवाखान्यातनं घरी आनलं नव्हं का, तवाच."

मी पळतच वळणावर परत गेले. आई तिथंच दगडावर बसली होती. मी धापा टाकत सांगायला लागले, "आई, काकांनी आण्णांसाठी..."

"उतार बांधलाय," ती म्हणाली. "ठाव हाय मला."

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"आला हुता तो. तू इस्लामपुरात हुतीस. दारात हुबा राहून म्हनला, उतार केलाय, दादाला घिऊन या. मीच लावला माघारी."

माझ्या डोक्यात रागाची तिडीक गेली. चार वर्षं! तोंडाशी आलेलं काय काय होतं, सगळं बोलणार होते. तिनं मान वर केली.

"दादाला घिऊन या म्हनला. वैनी, तुमी बी या, आसं न्हाई म्हनला. मी ढकलत न्यायचं, उतारावर चढवायचं, आन भाईर शेळ्यांत हुबी राहायचं. सांग, राहिली आसतीस तू?"

ती उठली, लुगड्याची माती झटकली आणि घराकडं चालायला लागली. काही पावलं गेल्यावर थांबली. मूठ धरल्यासारखे तसेच पुढं आलेले दोन्ही हात तिनं बघितले, आणि पदराखाली घेतले.